कागदाची उजवी बाजू

माझ्या नवऱ्याची माझ्याबद्दल एक कायमची तक्रार आहे. भाजीवाला सोडला तर मी सगळ्यांकडे पावती मागते. लग्नात आहेर दिला की लिहून घेणाऱ्याच्या वहीत डोकावून बघते. "अगं, रिटायर झालीस ना आता?" असं तो म्हणतो. झाले की. पण तीस-बत्तीस वर्षं लोकांच्या वह्या तपासल्यावर डोळ्यांना कोण सांगणार, की बाबांनो, तुम्हीपण रिटायर व्हा म्हणून?

आमचं काम काय, हे लातूरला आमच्या गल्लीतसुद्धा कुणाला धड माहीत नव्हतं. कुणाला वाटायचं मी बँकेत आहे, कुणाला वाटायचं इन्कम टॅक्सात. शेजारच्या काकू तर लग्नाळू पोरांची बँकेतली शिल्लक विचारायला यायच्या. खरं काम साधं आहे. ग्रामपंचायती, पंचायत समित्या, नगरपालिका यांच्याकडे सरकारचा पैसा येतो आणि तो खर्च होतो. तो नियमानं झाला का, वस्तू खरंच आली का, बिलं जागेवर आहेत का, हे जाऊन बघायचं. शंका आली की विचारायचं, आणि तेही तोंडी नाही, कागदावर.

त्या कागदाला आम्ही हाफ मार्जिन म्हणतो. फुलस्केप कागद मधोमध उभा दुमडायचा. डाव्या बाजूला आमचा प्रश्न, उजवी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर समोरच्यानं उत्तर लिहायचं, सोबत कागद जोडायचे आणि मुदतीत परत द्यायचं. उत्तर पटलं तर विषय संपला. पटलं नाही किंवा आलंच नाही, तर तो आक्षेप आमच्या अहवालात जातो आणि संबंधित माणसाच्या मागे पेन्शनपर्यंत लागतो. उजवी बाजू कोरी राहिली म्हणजे तो माणूस संपला म्हणा ना.

आमची माणसं मोठी हुशार. इस्लापूरकडच्या एका ग्रामपंचायतीत मी सकाळी नऊला पोचले, तर सरपंच हात जोडून उभे. "मॅडम, पहिल्यांदाच आलाव ना इकडं? आधी सहस्रकुंड बघून घ्या. पाणी लई भारी हाय सध्या." मी नको म्हणत असताना जीपमध्ये घातलं मला. धबधबा बघितला, भजी खाल्ली, परत आले तर दोन वाजलेले आणि कीर्दवहीतल्या तीन महिन्यांच्या पानांना उंदरांनी खाल्लेलं. बरोब्बर तीन महिने! त्याच्या अलीकडचं पान शाबूत, पलीकडचं शाबूत. मी म्हटलं, "सरपंचसाहेब, तुमच्या उंदराला महिने कळतात. त्याला आमच्या ऑफिसात लावून घेते." ते हसले, मी हसले आणि मग हाफ मार्जिन काढला. भज्यांचे पैसे मात्र मी आधीच देऊन टाकले होते. ज्याचा हिशेब तपासायचा त्याचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा माझा नियम. खेड्यापाड्यात त्यावरून मला "लई कडू बाई" म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

असो. मला जी गोष्ट सांगायची आहे ती ह्या कडूपणाचीच आहे.

आमच्या खात्याचं एक नवं कार्यालय नांदेडला उघडायचं ठरलं, आणि ते उभं करायला लातूरहून मला पाठवलं. उभं करायला म्हणजे अक्षरशः. एका जुन्या सरकारी इमारतीत मागच्या अंगाच्या दोन खोल्या मिळाल्या. टेबल दुसऱ्या खात्यानं टाकून दिलेलं, खुर्च्या तीन, त्यातली एक भिंतीला टेकवली तरच उभी राहायची. कपाट नाही. पंखा होता, त्याचं बटण नव्हतं. सोबत एक कारकून, तोही आठवड्यात दोन दिवस, आणि शिपाई गफूरभाई.

गफूरभाईंचं घराणं नांदेडातलं जुनं, चार पिढ्यांचं शिंपीकाम. हे एकटेच नोकरीत आले, पण हात शिंप्याचाच राहिला. कागदांचे गठ्ठे दाभणानं असे शिवायचे की टाका दिसू नये. कपाट नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच बाजारातून लाल मांजरपाट आणलं, त्याचे चौकोन कापले आणि बस्ते बांधायला सुरुवात केली. प्रत्येक बस्त्यावर चिठ्ठी शिवलेली, आत काय आहे त्याची. "मॅडम, आलमारी आयेगी तब आयेगी. तोपर्यंत ह्येच आपलं रेकॉर्ड," असं म्हणायचे.

सगळ्यात मोठी अडचण शिक्क्याची. आवक-जावकचा गोल शिक्का बनवायला वरून मंजुरी लागते, आणि ती काही येईना. पण तपासणी थांबवून चालणार नव्हतं. ऑफिसचं उद्घाटनही राहिलेलं, कारण मोठ्या साहेबांना वेळ होत नव्हता. म्हणजे चार महिने आम्ही उद्घाटन न झालेल्या, शिक्का नसलेल्या, कपाट नसलेल्या ऑफिसातून अख्ख्या जिल्ह्याला शिस्त शिकवत होतो. तेव्हा यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मला तर मुळीच नाही.

त्याच दिवसांत कंधारच्या पलीकडं एका गावात तपासणीला गेले. गावाचं नाव सांगत नाही. तिथले ग्रामसेवक व्यंकटराव कोटगिरे. आमच्याकडं ग्रामसेवकाला सगळं गाव भाऊसाहेब म्हणतं, तसं यांनाही म्हणायचं. उंच, वाळका माणूस, शर्टाच्या खिशात दोन पेनं. आदल्या उन्हाळ्यात गावची पाण्याची लाइन फुटली होती आणि त्यांनी घाईनं नवे पाइप घेऊन टाकले होते. रक्कम बरीच होती. साठा नोंदवहीत पाइपांची नोंद नव्हती. बिलाची नुसती झेरॉक्स होती. इंजिनिअरच्या मोजमापाचा कागद नव्हताच.

"पाइप कुठं आहेत?" मी विचारलं.

"जमिनीत हायत मॅडम."

"मला दिसले पाहिजेत."

कोटगिरे उठून उभे राहिले. मग म्हणाले, "मॅडम, नळाला पाणी येतंय न्हाई का? चला, दाखवतो. चार घरचे नळ सोडून दाखवतो."

"नळ बघायला नाही आले मी. कागद दाखवा. मूळ बिल, मूळ मोजमाप. झेरॉक्स चालणार नाही. आणि तोंडी उत्तर तर आम्ही घेतच नाही."

बाजूला बसलेली दोन-तीन माणसं हसली. मला वाटलं माझ्या हजरजबाबीपणाला हसली. मी हाफ मार्जिन लिहून दिला, एक महिन्याची मुदत दिली आणि निघाले. नळाखाली बाया हंडे घेऊन उभ्या होत्या, ते मी जीपमधून बघितलं. बघूनही त्याचा कागदाशी काही संबंध मला लागला नाही.

महिना होत आला आणि मोठ्या साहेबांची एकदम तारीख मिळाली. दोन दिवसांवर उद्घाटन. नुसती धांदल! झेंडूच्या माळा, फीत, पेढे, भाड्याच्या खुर्च्या. साहेब यायच्या अर्ध्या तासाआधी मी खोलीत बघितलं तर टेबलावर, खिडकीत, जमिनीवर कागदच कागद. त्या आठवड्याची सगळी टपालं तशीच पडलेली. मी ओरडले, "गफूरभाई, हे सगळं उचला आणि बांधा! काही दिसता कामा नये!" त्यांनी विचारलं, "किसमें बाँधू मॅडम?" मी म्हटलं, "कशातही बांधा हो, आधी उचला." ते माझे शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात.

उद्घाटन झकास झालं. साहेबांनी फीत कापली, "पारदर्शकता" हा शब्द सहा वेळा म्हणाले, फोटो निघाले. मी नव्या साडीत दारात उभी राहून येईल त्याला पेढा देत होते. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात अभिमानाचा दिवस. चार महिन्यांत शून्यातून ऑफिस उभं केलं होतं मी.

मुदत संपली. कोटगिऱ्यांचं उत्तर आवक वहीत नव्हतं. मी आक्षेप अहवालात घातला आणि शेवटी एक वाक्य जोडलं, जे आम्ही अशा वेळी जोडतो: "सदर रकमेच्या अपहाराचा संशय नाकारता येत नाही." नियमाप्रमाणे अहवाल गावात ग्रामसभेपुढं वाचला जातो. तसा वाचला गेला.

आठ दिवसांनी कोटगिरे धापा टाकत ऑफिसात. "मॅडम, मी उत्तर दिलंय की! मूळ बिल, मूळ मोजमाप, समदं जोडून दिलंय."

"पोच दाखवा."

"शिक्का न्हाई म्हणले ना तुमचे शिपाई. उद्घाटनाच्या दिवशी सकाळीच दिलं. तुमच्या हातचा पेढा बी खाल्ला मी."

"पेढा त्या दिवशी दोनशे लोकांनी खाल्ला," मी म्हटलं. "पेढ्याची पोच चालत नाही."

हो, असंच म्हटलं मी. गफूरभाईंना विचारलं तर ते गोंधळले. "आया होगा मॅडम. उस दिन बहोत लोग आये." दोन बस्ते सोडून बघितले, मिळालं नाही. मी कोटगिऱ्यांना म्हटलं, नव्यानं कागद आणा. पण मूळ कागद त्यांनी मला देऊन टाकले होते, मीच मूळ मागितले होते म्हणून. पाइपचं दुकान पुढं बंद पडलं. इंजिनिअरची बदली झाली आणि त्याची जुनी पुस्तकं कुठल्या गोदामात गेली ते कुणाला सांगता येईना. कोटगिरे दर वर्षा-दोन वर्षांनी अर्ज द्यायचे आणि आम्ही "पुराव्याअभावी आक्षेप कायम" असं कळवायचो. मधे माझी लातूरला बदली झाली, मग बढती होऊन परत नांदेडलाच त्याच ऑफिसची प्रमुख म्हणून आले. तोवर कोटगिरे निवृत्त झाले होते. ग्रॅच्युइटी अडकलेली, पेन्शन तात्पुरती, तीही कमी. एकदा येऊन माझ्या केबिनबाहेर बसले होते. ऐकू कमी येत होतं त्यांना. मी खूप जोरात "कागद आणा" असं म्हटलं आणि ते मान हलवून गेले. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण वाईट वाटणं ही काही नोंद नसते, अशी मी माझी समजूत घातली.

माझ्या निवृत्तीला दोन महिने राहिले आणि आमच्या ऑफिसला नव्या इमारतीत जागा मिळाली. सामान हलवायला काढलं. तोवर कपाटं आली होती, पण मागच्या खोलीत जुने बस्ते पडून होतेच. एकावर चिठ्ठी होती, "कोरे फॉर्म". उद्घाटनानंतर महिन्याभरात छापील फॉर्म बंद होऊन सगळं कॉम्प्युटरवर गेलं होतं. कोरे फॉर्म कोण उघडून बघणार? रद्दीत घालायचं ठरलं. पण गफूरभाईंना मांजरपाट फाडवेना. शिवण उसवायला बसले.

"मॅडम," थोड्या वेळानं त्यांनी हाक मारली. आवाज वेगळाच होता. "ये मेरी सिलाई है, पर अंदर ह्ये काय हाय बघा."

कोऱ्या फॉर्मांच्या मधोमध टपालाचा एक गठ्ठा होता. त्या आठवड्याचं सगळं. दोन पाकिटांच्या मधे झेंडूची एक पाकळी चपटी, तपकिरी होऊन चिकटली होती. पाचवा की सहावा कागद माझ्या अक्षरातला हाफ मार्जिन. डाव्या बाजूला माझा प्रश्न. उजवी बाजू वरपासून खालपर्यंत सुबक अक्षरात भरलेली, आणि मागे टाचलेलं मूळ बिल, मूळ मोजमाप, गावातल्या पंचांच्या सह्या. मुदतीच्या दोन दिवस आधीची तारीख.

गफूरभाईंनी वरची चिठ्ठी हातात घेतली. "मैंने ही बाँधा था," म्हणाले. मी म्हटलं, "बांधा म्हटलं कुणी? मीच ना?" आणि मला रडू आलं. ऑफिसात कधी रडले नव्हते मी. कारकून चहा आणायला म्हणून निघून गेला.

मी वरच्या साहेबांना फोन केला. ते शांत माणूस. म्हणाले, "मॅडम, एवढं काय त्यात? उत्तर आज मिळालं असं दाखवा. आजच्या तारखेचा शिक्का मारा, आक्षेप निकाली काढा. त्याचं काम होईल, तुमचंही नाव खराब होणार नाही. दोन महिने राहिलेत तुमचे."

फोन ठेवला आणि मी त्या शिक्क्याकडं बघत बसले. मोह झाला, खोटं सांगत नाही. हात शिक्क्यापर्यंत गेलासुद्धा. पण आजची तारीख टाकली असती तर रेकॉर्ड काय म्हणालं असतं? की कोटगिऱ्यांनी उत्तर द्यायला अकरा वर्षं लावली. पैसे मिळाले असते त्यांना, आणि दोष त्यांच्याच अंगावर राहिला असता.

मी एक फुलस्केप घेतला, उभा दुमडला. डाव्या बाजूला लिहिलं, "मुदतीत प्राप्त उत्तर नोंदवलं का गेलं नाही, पोच का दिली नाही, जबाबदार कोण?" आणि उजव्या बाजूला माझं उत्तर लिहिलं: उत्तर मुदतीत मिळालं होतं, ते माझ्या तोंडी सूचनेवरून चुकीच्या बस्त्यात बांधलं गेलं, जबाबदारी माझी. सही करून वर पाठवलं. गफूरभाईंचं नाव घातलं नाही. साहेब वैतागले. मला खुलासा मागणारी नोटीस आली, आणि पुढं माझीच ग्रॅच्युइटी पाच महिने अडकली. नवरा म्हणाला, "आता कळलं का, अडकणं काय असतं ते?" कळलं.

आक्षेप निकाली निघाल्याचा आदेश घेऊन मी कंधारला कोटगिऱ्यांच्या घरी गेले. घर स्टँडच्या मागं. त्यांनी आदेश वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. आनंद झाल्यासारखा दिसला नाही. त्यांच्या बायकोनं, सुमनबाईंनी, पाणी आणून ठेवलं. मी प्यायले.

"ह्यो कागद हापिसात जाईल," सुमनबाई म्हणाल्या. "पन त्यो आधीचा तिकडं गावात वाचला होता मॅडम. मी बायांच्या रांगेत बसले होते. अपहार म्हंजे काय ते शेजारणीनं मला इचारलं. त्याच्यानंतर नळावर गेले की बाया गप व्हायच्या. ह्यांनीच आणलेलं पाणी, आन् मला तिथं उभं ऱ्हावंना. गाव सोडलं आम्ही."

आक्षेप वाचून दाखवायचा नियम आहे. आक्षेप चुकला होता हे वाचून दाखवायचा नियम मला कुठंच सापडला नाही. बरीच शोधाशोध केली. शेवटी त्या गावच्या सरपंचांना फोन केला, तर आताची तरुण सरपंच म्हणाली, "या की मॅडम. आयत्या वेळच्या विषयात घेऊ."

तोवर मी रिटायर झाले होते. लातूरहून एसटीनं निघाले, कंधारला गफूरभाई माझी वाट बघत उभे होते. नको म्हटलं होतं, तरी आले. कोटगिरे आले, सुमनबाईही आल्या. ग्रामसभेला चाळीसेक माणसं असतील. घरकुलांवरून आधीच तासभर भांडण झालेलं, निम्मे उठायच्या बेतात. सरपंचांनी माझं नाव घेतलं. मी उभी राहिले आणि लिहून आणलेला कागद वाचला: अमुक साली मी ह्या गावच्या पाइपांवर आक्षेप घेतला होता, अपहाराचा संशय लिहिला होता. भाऊसाहेबांनी सगळे कागद वेळेत दिले होते. ते मी हरवले. चूक माझी होती, त्यांची नव्हती.

एक म्हातारा म्हणाला, "आमाला ठावं व्हतं." मला विचारावंसं वाटलं, ठाऊक होतं तर मग? पण मी कोण विचारणारी.

तेवढ्यात बायांच्या रांगेतून सुमनबाई उठल्या. "मॅडम, परत वाचा. जोरात वाचा. ह्यांना ऐकू येत न्हाई."

मी परत वाचलं. एवढ्या मोठ्यानं मी आयुष्यात कधी वाचलं नसेल. भिंतीला टेकून कोटगिरे कानाला हात लावून ऐकत होते. या वेळी उठायच्या बेतातली माणसं बसून राहिली.

सभा संपल्यावर मी तो कागद त्यांच्या हातात दिला. सवयीनं मी तोही उभा दुमडून, डाव्याच बाजूला लिहिला होता. कोटगिऱ्यांनी तो उलटसुलट बघितला. मग खिशातल्या दोन पेनांपैकी एक काढलं, कागद गुडघ्यावर ठेवला आणि उजव्या बाजूवर सावकाश लिहिलं. खाली सही केली, तारीख टाकली आणि कागद मला परत दिला. "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी, रेकॉर्डला," म्हणाले.

तो कागद आज माझ्या घरी कपाटात आहे. उजव्या बाजूवर एकच ओळ आहे: "नळाला पाणी येत आहे." हेच उत्तर त्यांनी मला पहिल्याच दिवशी दिलं होतं. तेव्हा ते तोंडी होतं, म्हणून मी घेतलं नाही.